लष्कराचं साहित्य ‘पास’ कसं होतं? बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गल्लीत एखादं तरी घर पलटणीतलं असतंच. त्याच गल्लीतलं दुसरं घर उद्यमबागेत, मच्छेला नाहीतर होनग्याला कामाला जातं, कुणी फाउंड्रीत, कुणी मशीन शॉपमध्ये. मी दोन्हीकडचा. धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होता आणि मी स्वतः २२ वर्षं कास्टिंगच्या तपासणीवर काढली. म्हणून लोक मला विचारत राहतात. काहींना पलटणीत गेलेल्या मुलाची काळजी असते, काहींना त्या पलटणीच्या गाडीचा एखादा तुकडा आपल्या भट्टीत बनेल का हे बघायचं असतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, तेव्हा उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

१. नवीन शस्त्र आलं की त्याची चाचणी नेमकी कोण घेतं? डीआरडीओ की लष्कर?

दोघंही घेतात, आणि आणखी दोघं असतात. सदरा शिवणारा, घालणारा, कापड पारखणारा आणि उसवला तर दुरुस्त करणारा अशा चौघांनी एकच सदरा तपासावा, तसा हा प्रकार आहे.

आधी बनवणारा तपासतो. तो डीआरडीओ, म्हणजे सरकारची संरक्षण संशोधन संस्था असेल किंवा खासगी कंपनी. या विकासाच्या चाचण्या. तिथे वस्तू मोडते, पुन्हा बनते, पुन्हा मोडते. ती ठीक वाटली की लष्कराच्या ताब्यात जाते आणि ‘यूजर ट्रायल’ सुरू होते. त्यात पलटणीतले जवान आणि अधिकारी ती प्रत्यक्ष वापरतात. याच सुमाराला संरक्षण मंत्रालयाचा गुणवत्ता विभाग, म्हणजे डीजीक्यूए, तिचं धातुकाम, रसायन, टिकाऊपणा प्रयोगशाळेत बघतो. चौथा हात ईएमईचा, लष्कराच्या दुरुस्ती दलाचा. ते वस्तू खोलून बघतात. त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये लिहिलं आहे.

२. चाचणीत बघतात तरी काय? नेम बरोबर लागला की झालं ना?

नेम हा सगळ्यात सोपा भाग. छान हवेत, तेल घातलेली, नवीकोरी बंदूक कुठलीही नीट चालते. खरा प्रश्न असतो की पोखरणच्या मे महिन्यात, सियाचीनच्या बर्फात आणि ईशान्येच्या पावसात तीच बंदूक तशीच चालते का.

यासाठी जेएसएस ५५५५५ नावाचं मानक वापरतात. इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक साहित्य हवामान आणि धक्क्यांना कसं तोंड देतं ते त्यानुसार तपासतात. उपकरण भट्टीसारख्या कपाटात तापवतात, मग गोठवतात. धूळ उडवतात, पावसाचा मारा करतात, खारट पाण्याचं धुकं सोडतात, ठराविक उंचीवरून पाडतात. कंपनाच्या टेबलावर बांधून हादरवतात, कारण लष्करी पेटी गुळगुळीत हायवेवरून जात नाही. चोर्ला घाटातून खड्डे चुकवत गेलेल्याला हे सांगावं लागणार नाही.

मला सगळ्यात आवडते ती बुरशीची चाचणी. उपकरणावर मुद्दाम बुरशीचे बीजाणू सोडतात, ते उबदार आणि दमट कपाटात कित्येक दिवस ठेवतात आणि काय उगवलं ते बघतात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आपल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला वाटणार नाही. तिकडे आषाढात फळीवर ठेवलेल्या चामड्याच्या चपलेवर आठ दिवसांत पांढरी साय धरते. तीच साय जंगलातल्या चौकीवर दुर्बिणीच्या काचेवर धरली तर आधी दिसणं धूसर होतं आणि मग काचेवरचा लेप कायमचा खराब होतो.

उंचीचं गणित वेगळं. वर हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद घटते. पण त्याच विरळ हवेत तोफगोळ्याला अडथळा कमी होतो आणि तो लांब जातो. म्हणजे सपाटीवर तयार केलेले पल्ल्याचे तक्ते कारगिलसारख्या ठिकाणी जसेच्या तसे चालत नाहीत, तिथल्यासाठी वेगळा हिशेब लागतो. दारूगोळ्याचंही तसंच. तापलेली दारू वेगानं जळते आणि नळीत दाब वाढतो, थंड दारू मंद जळते. म्हणून गोळे आधी गरम आणि थंड खोल्यांत ठेवून मग डागून बघतात.

शेवटी विजेचा त्रास. वायरलेस सुरू केला की शेजारच्या यंत्राचा पडदा थरथरता कामा नये. याला ईएमआय-ईएमसी चाचणी म्हणतात आणि कागदावर उत्तम असलेली कितीतरी उपकरणं इथे अडकतात.

३. आमच्या आळीतले सुभेदार मामा सारखं म्हणतात, “क्यूआरमध्ये नाही बसलं.” हे क्यूआर काय?

क्यूआर म्हणजे लष्करानं आधीच लिहून ठेवलेल्या अपेक्षांची यादी. वजन किती, पल्ला किती, किती तापमानात चालावं, किती गोळ्यांनंतर अडकलं तरी चालेल, सगळं आकड्यांत. चाचणी याच यादीशी ताडून होते. यादीत नसलेला गुण कितीही भारी असला तरी एरवी त्याला मोल नसतं.

२०२० च्या संरक्षण संपादन प्रक्रियेत या अपेक्षांचे गट केले आहेत. काही गोष्टी चाचणीच्या वेळी असायलाच हव्यात, काही ठरलेल्या मुदतीत पुढे सिद्ध करून दाखवता येतात आणि काही ‘असतील तर बरं’ अशा. तिसऱ्या गटातले गुण असतील तर किमतीच्या तुलनेत जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत सवलत धरली जाते.

यादी लिहिताना हात सैल सुटला तर काय होतं तेही सांगतो. २०११ मध्ये लष्करानं अशी रायफल मागितली होती की नळी बदलली की दोन वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या मारता याव्यात. चाचण्या झाल्या, एकही रायफल पुरी उतरली नाही आणि २०१५ मध्ये ती खरेदीच रद्द झाली. तेवढा काळ जवान जुनीच रायफल वागवत राहिले. यादी लिहिणं हेसुद्धा चाचणीचंच काम आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

४. मग चाचणीत जो पहिला येतो त्याचंच साहित्य घेतात का?

नाही. बहुतेक खरेदीत पहिला-दुसरा असा क्रमांकच नसतो. पास किंवा नापास. जे पास होतात त्यांचे किमतीचे लिफाफे उघडतात आणि सर्वात कमी किमतीवाल्याशी बोलणी होतात. म्हणून “आमचं चाचणीत सगळ्यात चांगलं होतं, तरी ऑर्डर दुसऱ्याला गेली” ही तक्रार कानावर येते, तेव्हा त्यात दरवेळी काळंबेरं असतंच असं नाही. अपवाद प्रश्न ३ मधल्या सवलतीचा.

५. बेळगावात शस्त्रांची चाचणी होते का? पहाटे फायरिंगचा आवाज येतो तो कसला?

तो प्रशिक्षणाचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे १९२२ पासून आहे. रिक्रूट इथे घडतात, आणि इन्फंट्री स्कूलच्या इथल्या शाखेत कमांडोचं कठोर प्रशिक्षण होतं. तिथे जवानाची परीक्षा असते, शस्त्राची नव्हे.

शस्त्रांच्या चाचण्यांची ठिकाणं वेगळी आहेत: राजस्थानात पोखरण आणि महाजन, झाशीजवळ बबिना, उंचीसाठी लडाख आणि सिक्कीम. आपल्या जवळचं म्हणाल तर अहिल्यानगरजवळची के. के. रेंज. त्याच शहरात डीआरडीओची वाहनांची प्रयोगशाळा आहे. तोफांची रचना करणारी एआरडीई पुण्यात आहे. आणि आपल्याच राज्यात, चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ मानवरहित विमानांसाठी धावपट्टी आहे, ती २०१७ मध्ये सुरू झाली.

ओडिशातल्या चांदीपूरचं मला विशेष कौतुक आहे. तिथे ओहोटीला समुद्र काही किलोमीटर मागे सरकतो आणि ओला, मऊ, सपाट तळ उघडा पडतो. त्यात डागलेला गोळा फुटला नाही तर जसाच्या तसा उकरून काढता येतो, त्याच्या कड्या, त्याचे ओरखडे हातात घेऊन बघता येतात. १८९५ पासून तिथे गोळे तपासले जातात.

६. आमच्या गायरानाला लागून फायरिंग रेंज आहे. पोरांना पितळी किंवा लोखंडी काही सापडलं तर?

हात लावू नका, दगड मारू नका, भंगारात तर अजिबात नेऊ नका. जागेवर लांबून दिसेल अशी खूण करा, पोरांना आणि जनावरांना बाजूला काढा आणि पोलिसांना कळवा. न फुटलेला गोळा गंजला म्हणून निरुपद्रवी होत नाही, उलट जास्त बेभरवशाचा होतो.

७. एका शस्त्राला दहा-दहा वर्षं का लागतात? एकदाच काय ते तपासून टाकावं.

कारण उन्हाळा वर्षातून एकदाच येतो. वाळवंटातली चाचणी मे-जूनमध्ये करायची, उंचावरची हिवाळ्यात. उन्हाळ्यात एक दोष निघाला, तो सुधारायला आठ महिने लागले, की पुन्हा पुढच्या उन्हाळ्याची वाट बघा.

अलीकडचं उदाहरण झोरावर या हलक्या रणगाड्याचं. जुलै २०२४ मध्ये तो लोकांसमोर आला, सप्टेंबरात वाळवंटात त्याच्या तोफेची चाचणी झाली आणि डिसेंबरात ४,२०० मीटरहून जास्त उंचीवर. हे डीआरडीओच्या टप्प्यावरचं काम. त्यानंतर लष्कराच्या स्वतःच्या चाचण्या असतात. दुसरं उदाहरण एटॅग्स तोफेचं. १५५ मिलिमीटरची ही तोफ एआरडीईनं भारत फोर्ज आणि टाटा यांच्या बरोबरीनं बनवली. काम सुरू झाल्यापासून मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार होईपर्यंत एक तप गेलं.

उशीर नेहमीच योग्य कारणानं होतो असं मी म्हणणार नाही. फायली रेंगाळतात, यादी मध्येच बदलते. पण ऋतूंची वाट बघण्यात गेलेला वेळ हा वाया गेलेला वेळ नाही.

८. चाचणीत तोफ फुटली, विमान पडलं अशा बातम्या येतात. म्हणजे ते निकामीच निघालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो आला की मला वाईट वाटतं, कारण चाचणीचा अर्थच त्यात हरवतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये पोखरणला अमेरिकन बनावटीच्या एम-७७७ तोफेच्या नळीचं तोंड फुटलं. सप्टेंबर २०२० मध्ये तिथेच एटॅग्सची नळी फुटली आणि माणसं जखमी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये तपस हे मानवरहित विमान चित्रदुर्ग जिल्ह्यात हिरियूर तालुक्यातल्या एका शेतात कोसळलं. पहिल्या दोन्ही तोफा चौकशीनंतर पुढे गेल्या. एटॅग्सच्या चाचण्या पुन्हा झाल्या, मग करार झाला. अपघातानंतर नळीचा प्रत्येक तुकडा गोळा करतात, धातू तपासतात, त्या लॉटचे बाकीचे गोळे बाजूला काढतात. दोष नळीचा, गोळ्याचा की भरण्याच्या पद्धतीचा हे ठरल्याशिवाय पुढची गोळी उडत नाही.

अर्जुन रणगाड्याला तर मुद्दाम थकवलं. २००७-०८ च्या सुमाराला त्याची ‘एयूसीआरटी’ झाली. या चाचणीत रणगाड्याच्या आयुष्यभराची धाव आणि आयुष्यभराचे गोळे काही महिन्यांत उरकतात. त्यात गिअरबॉक्सची दुखणी निघाली, टीका झाली. ती दुरुस्त झाली आणि मार्च २०१० मध्ये राजस्थानात अर्जुन टी-९० रणगाड्याच्या शेजारी उभा राहून तुलनेच्या चाचण्यांना सामोरा गेला. २०२१ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्तीच्या ११८ रणगाड्यांची ऑर्डर निघाली.

आता उलट बाजू बघा. इन्सास रायफल चाचण्या पार करून पलटणीत आली आणि १९९९ च्या कारगिलमध्ये थंडीनं तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. जे रेंजवर निघायला हवं होतं ते डोंगरावर, समोर शत्रू असताना निघालं. यातलं कुठलं अपयश मोठं ते तुम्हीच बघा. माझ्यापुरतं सांगतो, रेंजवर फुटलेल्या तोफेची बातमी आली की मी आधी जखमींचं काय झालं ते वाचतो, आणि मग दोष सापडला का ते. “निकामी” हा शब्द माझ्या तोंडी येत नाही.

९. साध्या जवानाचं मत कुणी विचारतं का? की वरचेच ठरवतात?

विचारतात. यूजर ट्रायलचा अर्थच तो. बंदूक जवानच चालवतो, गाडी ड्रायव्हरच हाकतो आणि किती वेळा अडकली, किती सेकंदांत मॅगझिन बदललं, पाठीवर घेऊन किती चालता आलं हे लिहून ठेवतात. नुसतं “जड वाटतं” एवढ्यानं भागत नाही, त्याचा आकडा व्हावा लागतो.

वर म्हटलेले सुभेदार मामा एकदा आमच्या कट्ट्यावर हे समजावत होते. त्यांनी माझ्या नातवाला लोकरीचे दोन हातमोजे एकावर एक चढवायला लावले आणि मोबाईलवर आजीचा नंबर लाव म्हणाले. पोराला एकही आकडा धड दाबता येईना. “आता हेच उणे तीसला, अंधारात, धाप लागलेली असताना,” मामा म्हणाले. ट्रिगरभोवतीची जागा दोन मिलिमीटरनं वाढली काय आणि नाही काय, हे खोलीत बसून कळत नाही.

ईएमईचे लोक याच्याही पुढे जातात. इंजिन उतरवायला किती वेळ लागतो, त्यासाठी खास पाना लागतो की साध्या पान्यावर भागतं, खराब भागापर्यंत हात पोहोचतो का, हे ते प्रत्यक्ष खोलून-जोडून बघतात. एका फिल्टरसाठी अर्धी गाडी मोकळी करावी लागत असेल तर ती त्रुटी म्हणून नोंदली जाते.

१०. माझा मुलगा काश्मीरला आहे. त्याला दिलेलं बुलेटप्रूफ जॅकेट खरंच तपासलेलं असतं का? आपण बाहेरून विकत घेऊन पाठवलं तर?

ताई, बाहेरून घेऊन पाठवू नका. लष्कराकडून मिळतं त्याच्यामागे तपासणीची साखळी असते, ऑनलाइन मिळणाऱ्याच्या मागे बहुतेकदा फक्त स्टिकर असतं.

अशा जॅकेटसाठी २०१८ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं आयएस १७०५१ हे आपलं मानक काढलं. त्याच वर्षी १ लाख ८६ हजार जॅकेटांचा करारही झाला. चाचणी अशी असते: जॅकेटच्या मागे विशिष्ट चिकणमातीचा ठोकळा ठेवतात. ती माती आधी तापमान राखून तयार करतात आणि लोखंडी गोळा ठराविक उंचीवरून टाकून तिचा मऊपणा पारखतात. मग जॅकेटवर गोळी मारतात. आरपार गेली तर नापासच. पण अडली तरी काम संपत नाही. मागच्या मातीत किती खोल खड्डा पडला ते मोजतात, कारण तेवढा मार छातीला बसणार असतो. अमेरिकन मानकात ही मर्यादा ४४ मिलिमीटरची आहे. भिजवलेलं, तापवलेलं, गोठवलेलं जॅकेटही असंच तपासतात.

एक गोष्ट मुलाला जरूर सांगा. रायफलची गोळी अडवणारी पाटी बहुधा सिरॅमिकची असते. तीच गोळीचं टोक चुरते, मागचा थर तुकडे झेलतो. सिरॅमिक कठीण असतं, पण आपटलं तर आतून तडकतं आणि बाहेरून कळत नाही. जॅकेट बॅरेकमध्ये फेकू नये, त्यावर बसू नये आणि जोरात पडलं तर वरिष्ठांना सांगावं. ते त्याची तपासणी करून घेऊ शकतात.

११. मोबाईलच्या जाहिरातीत ‘मिलिटरी ग्रेड’ लिहितात, ते हेच का?

नाही. त्यात बहुधा एमआयएल-एसटीडी-८१० या अमेरिकन मानकाचा हवाला असतो. त्या मानकात पडणं, धूळ, ऊन, पाऊस अशा पुष्कळ चाचण्यांच्या पद्धती दिल्या आहेत. त्यातल्या कुठल्या करायच्या ते मोबाईल कंपनी स्वतः निवडते, आणि कुठलंही लष्कर त्या मोबाईलवर शिक्का मारत नाही.

१२. आमची उद्यमबागेत छोटी फाउंड्री आहे. लष्करी गाडीचा एखादा ब्रॅकेट बनवायचा म्हटलं तर त्याचीही अशीच चाचणी होते?

रणगाड्यासारखी नव्हे, पण होते आणि कडक होते. तुम्ही बहुधा थेट लष्कराला नव्हे तर मोठ्या कारखान्याला माल द्याल. ड्रॉइंगबरोबर गुणवत्तेचा आराखडा येतो: कुठल्या टप्प्यावर काय तपासायचं, कुणी तपासायचं. आधी थोडे नमुने बनवायचे, त्याला पायलट सँपल म्हणतात. मापं, रासायनिक घटक, ताण, कठीणपणा, सगळे अहवाल जोडायचे, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे असायला हवेत. नमुना पास झाला की पूर्ण उत्पादनाची परवानगी मिळते, म्हणजे बीपीसी. त्याआधी ऑर्डर हातात आहे म्हणून भट्टी पेटवून दोनशे नग ओतून ठेवू नका. पुष्कळ जण तिथेच बुडतात.

माझा अनुभव सांगतो. आम्ही एका जड वाहनाचे पोलादी ब्रॅकेट करत होतो. जुलै महिना, आठ दिवस संततधार. मापं बरोबर, टीसी, म्हणजे धातूच्या चाचणीचा दाखला, तोही बरोबर. तपासायला आलेल्या माणसानं डाय पेनिट्रंटची चाचणी लावली. तुकडा स्वच्छ पुसला, त्यावर लाल रंग फवारला, दहा मिनिटं थांबला. मग रंग पुसून घेतला आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. आम्ही चौघे त्या पांढऱ्या तुकड्याकडे बघत उभे होतो. तीन-चार मिनिटं काहीच नाही. मग एका कोपऱ्यात बारीक लाल ठिपके उमटायला लागले, पांढऱ्या कपड्यावर कुंकवाचे शिंतोडे पडावेत तसे. पिनहोल, म्हणजे धातूतली बारीक छिद्रं. साचा भरताना वाळू ओलसर राहिली होती, तिची वाफ धातूत अडकली होती.

“ग्राइंडर मारून पुन्हा बघू या,” असं आमच्यातलाच एक जण म्हणाला. मोल्डिंगवरच्या मामांनी मान हलवली. “वरचे जातील, आतले कुठं जातील?” पूर्ण लॉट बाजूला काढला, वितळवला. नुकसान झालं आणि दोन महिने मालकांच्या समोर उभं राहवत नव्हतं. पण त्या पावसाळ्यापासून आमच्याकडे दर पाळीला वाळूतली ओल मोजून वहीत लिहायला सुरुवात झाली, आणि त्या कोपऱ्यात पुन्हा ठिपके दिसले नाहीत.

तुम्हाला यायचं असेल तर या, पण आधी ती वही घाला. कुठला भाग परदेशातून येतो आणि इथे बनवून हवा आहे, याची यादी मंत्रालयाच्या ‘सृजन’ पोर्टलवर मिळते.

१३. माझं स्वतःचं नवं उपकरण आहे. लष्कर चाचणी घेईल का? खर्च कुणाचा?

स्पर्धेतल्या खरेदीत चाचणी ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’ तत्त्वावर होते. म्हणजे उपकरण तिथपर्यंत न्यायचं, माणसं पाठवायची, मोडलं तर दुरुस्त करायचं, सगळं तुमच्या खर्चानं. लष्कर विकत घेण्याचं वचन देत नाही. छोट्या उद्योजकाला हे जड जातं, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून २०१८ पासून सुरू असलेल्या आयडेक्स योजनेकडे बघा. तिथे लष्कर आपल्या अडचणी जाहीर करतं आणि निवडलेल्या स्टार्टअपला नमुना बनवण्यासाठी अनुदान मिळतं, मुख्य योजनेत दीड कोटी रुपयांपर्यंत. चाचणीला उभं राहण्याआधी प्रश्न २ मधल्या चाचण्या खासगी प्रयोगशाळेत स्वतः करून घ्या. निदान तापमान आणि ईएमआय तरी. लष्कराच्या माणसांसमोर पहिल्यांदा धूळ खाणारं उपकरण दुसरी संधी कठीण करून ठेवतं.

१४. पैसे चारून पास करून घेता येत नाही का? खरं सांगा.

गैरप्रकार झाले आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये सीबीआयनं धनुष तोफेच्या बेअरिंगबद्दल गुन्हा नोंदवला. चिनी बनावटीची बेअरिंग ‘मेड इन जर्मनी’ म्हणून पुरवल्याचा आरोप होता. तोफ तेव्हा चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यात होती. पुढे एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या सहा धनुष तोफा लष्कराला मिळाल्या.

पूर्ण चाचणी विकत घेणं अवघड आहे, कारण प्रश्न १ मधले चार हात एकमेकांचे नसतात. जवानांचा अहवाल वेगळा, डीजीक्यूएचा वेगळा. फट राहते ती खालच्या पायरीवर, कागदात. कुठून आला हा धातू, कुठल्या हीटचा, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या ओतीचा, टीसी खरी की झेरॉक्सवर नंबर बदललेला? आपल्यासारख्या पुरवठादारांची जबाबदारी नेमकी तिथे आहे. खोटी टीसी जोडणारा माणूस मला चोराहून वाईट वाटतो, कारण चोर फक्त पैसे नेतो.

१५. एकदा पास झालं की कायमचं पास?

मुळीच नाही. दारूगोळ्याच्या प्रत्येक लॉटमधले काही नग डागून बघतात आणि त्यावर लॉट स्वीकारला जातो. तोफेची नवी नळी नेहमीपेक्षा जास्त दाबानं डागून पारखतात, त्याला प्रूफ म्हणतात. आणि साठवलेला दारूगोळा म्हातारा होतो. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या भांडारात जो स्फोट झाला, त्याच्या मागे स्फोटक गळणारे रणगाडाविरोधी सुरुंग असल्याचं समोर आलं. कोठारात नुसतं पडून असलेल्या मालाचीही मुदतीनं तपासणी लागते ती म्हणूनच.

१६. युद्धाची घाई असली तर चाचणी न करताच घेतात का?

न करता सहसा नाही, पण आखूड करून घेतात. तातडीच्या खरेदीसाठी वेगळी वाट आहे. त्यात बाजारात तयार असलेलं साहित्य घेतात आणि चाचणी काही आठवड्यांत उरकतात. १९९९ मध्ये पिनाक रॉकेटचा वापर कारगिलमध्येच करून पाहिला, तेव्हा ते पलटणीत रीतसर आलेलं नव्हतं. २०२५ च्या मे महिन्यात पोखरण, बबिना, जोशीमठ अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी नव्या ड्रोन आणि ड्रोनविरोधी यंत्रणांची प्रात्यक्षिकं झाली, तीही लढाईसारखं वातावरण उभं करून.

घाईचा धोका ड्रोनमध्ये दिसला. २०२५ च्या सुरुवातीला ४०० ड्रोनचे करार चिनी सुट्या भागांच्या संशयावरून रद्द झाले. ड्रोन उडतं का हे एका दुपारी कळतं. त्याच्या आतली चिप कुणाशी बोलते हे कळायला यंत्र उघडावं लागतं, त्याचं सॉफ्टवेअर वाचावं लागतं. माझ्या मते ही तपासणी आखूड करण्यासारखी नाहीच.

१७. चाचणीचे अहवाल आपल्याला वाचायला मिळतात का? मुलाकडून फोटो मागवले तर?

अहवाल गोपनीय असतात, माहिती अधिकारातही सुरक्षेच्या कारणानं नाकारले जातात. कॅगचे संसदेत मांडलेले अहवाल मात्र खुले आहेत, खरेदीत कुठे काय चुकलं ते त्यात पुष्कळ कळतं. मुलाकडून फोटो मागवू नका. गोपनीयतेचा कायदा १९२३ चा आहे आणि आजही लागू आहे. एका फोटोपायी त्याची नोकरी जाऊ शकते आणि मागच्या डोंगराच्या आकारावरून जागाही ओळखता येते.

१८. मी डिप्लोमा मेकॅनिकल करतो. मला याच कामात यायचं आहे. कुठून सुरुवात करू?

रस्ते तीन. डीआरडीओच्या तांत्रिक पदांची भरती त्यांचंच भरती केंद्र, सेप्टम, घेतं. डीजीक्यूएच्या जागा वेगळ्या निघतात. सैन्यात जायचं असेल तर ईएमई. मोठ्या शिक्षणाची इच्छा असेल तर व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, आपल्या मच्छेलाच आहे.

पण त्याआधी सुट्टीत दोन महिने कुठल्याही फाउंड्रीच्या तपासणी विभागात बिनपगारी का होईना बस. मायक्रोमीटर धरायला शीक. तोच दांडा सकाळी थंड असताना मोज आणि दुपारी उन्हात तापल्यावर मोज, आकडा बदललेला दिसेल. दोन्ही आकडे लिही, वेळेसकट. ड्रॉइंगमध्ये २५.०० असेल आणि तुझ्या काट्यावर २५.०३ येत असेल, तर २५.०३ लिही आणि खाली सही कर.